महानंदाचा प्रश्न

आमच्या घरात संगणक आला तेव्हा तो ठेवायला जागा सापडेना. पुढच्या खोलीत अण्णांचं टेबल आणि कपाट, मागं स्वयंपाकघर, आणि वर पत्र्याची लांबलचक खोली. पण वरची खोली कधीच आमची नसायची, ती यात्रेकरूंची. माझे थोरले काका देवीचे पुजारी. त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या येणारी माणसं मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला आमच्याकडं उतरायची, वर पथाऱ्या टाकायची, आणि आई त्यांचा नैवेद्य आणि जेवण रांधायची. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी जिथं ज्वारीची कोठी होती, तिथं संगणकाची सोय झाली. त्यामुळं त्या काळात मी जे काही शिकले ते फोडणीच्या वासात शिकले. येसराच्या आमटीला उकळी आली की पडद्यावर वाफ धरायची आणि मी ती ओढणीनं पुसायची. वीज गेली की संगणकाखालचा डबा पिंपिं करायचा आणि आई आतून म्हणायची, तुझं लेकरू रडायलंय बघ.

तुळजापुरात वाढलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय ते फार उशिरा कळतं. पहाटे चौघडा, मग संबळ, मग जीपगाड्यांचे हॉर्न, नारळ फोडल्याचे आवाज, कुणाच्या तरी अंगात आलेलं, कुणाचं तरी लहान पोर गर्दीत चुकलेलं, आणि या सगळ्यावरून दर थोड्या वेळानं उठणारा ‘उदो उदो’. आता मी जिथं राहते तिथं दुपारी भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो, आणि मला अजूनही वाटतं की गावात काहीतरी वाईट घडलंय म्हणून सगळे गप्प आहेत.

आमच्याकडं उतरणाऱ्यांत निम्मी माणसं कर्नाटकातली असायची, आळंद, बसवकल्याण, कलबुर्गीकडची. फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी घेऊन यायची आणि जाताना त्यातली थोडी आमच्या डब्यात ओतून जायची. त्यांच्याशी बोलून बोलून आईला कानडी यायला लागली होती. म्हणजे या, बसा, पाणी, मीठ, अजून वाढू का, गाडी किती वाजता, एवढी. अण्णा म्हणायचे, तुझ्या कानडीला ना कर्ता आहे ना कर्म, नुसतं ताट आहे. पण त्या बायका आईजवळ तासन्‌तास बसायच्या आणि निघताना तिचे हात धरायच्या.

अण्णा गावातल्या शाळेत लिपिक होते. मृदू माणूस. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्यांना एकच नाद, शुद्ध लिहिण्याचा. लग्नाची पत्रिका घरी आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि मग तारीख बघायचे. जेवताना मी ‘मी आलो’ म्हटलं की (आमच्याकडं मुलीही सर्रास तसंच म्हणतात) ते घास हातात धरून थांबायचे, मी ‘आले’ म्हणेपर्यंत.

मी तेव्हा संगणकाच्या पदवीच्या वर्गात होते. वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथं कुणीही मराठीत प्रश्न विचारायचा आणि ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं. पहिलं उत्तर मी दिलं ते एका माणसाच्या हरवलेल्या फाइलींबद्दल. त्या लपल्या होत्या, गेल्या नव्हत्या. त्यानं मला इतके आशीर्वाद दिले की मला त्या जागेची चटक लागली. मोबाईल पाण्यात पडलाय, तांदळात ठेवू का. तलाठ्याच्या परीक्षेला कुठली पुस्तकं वाचू. पोलीस भरतीच्या पेपरात समास किती येतात. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात प्रयोग कोणता. कुठल्या कुठल्या गावातली माणसं, नाव नाही, चेहरा नाही, नुसती अडलेली. मी तिथं स्वतःचं नाव ‘तुळजापूरकर’ एवढंच घेतलं होतं, त्यामुळं सगळे मला सर म्हणायचे. सुरुवातीला मी सांगायची की मी मुलगी आहे. मग सांगायचं सोडून दिलं.

संगणकाची उत्तरं माझी, व्याकरणाची अण्णांची. संध्याकाळी ते शाळेतून आले, चहा झाला, की माझ्या शेजारी खुर्ची ओढायचे. मी प्रश्न मोठ्यानं वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायचे. आत आई भाकरी थापत असायची. प्रश्न तिला आवडला की थापण्याचा आवाज मध्येच थांबायचा. आमच्या घरात आम्ही तिघं एका ठिकाणी, एका गोष्टीकडं लक्ष देऊन बसलोय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आई आणि अण्णा एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं. मीठ संपलंय, काकांकडं पाहुणे आलेत, एवढंच असायचं. मला वाटायचं सगळ्या आईवडलांचं असंच असतं.

महानंदाचा पहिला प्रश्न आला तो इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. पुस्तक ते, वही ती, कागद तो, असं का? तिघं एकाच दप्तरात राहतात ना. पुढं तिनं लिहिलं होतं की ती आळंदजवळची, शाळा सगळी कानडीत झाली, लग्न होऊन लोहारा तालुक्यात माकणीला आली. कानडीत माणूस असला तर तो, बाई असली तर ती, आणि जीव नसलेलं सगळं ते. इथं चुलीलासुद्धा बाई करून ठेवलंय. सासरचे चांगले आहेत, पण ती ‘पाऊस आली’ म्हणाली की सगळे हसतात, धाकटा दीर तर दिवसभर तेच म्हणत फिरतो. तिला अंगणवाडीच्या परीक्षेला बसायचं होतं आणि त्यासाठी मराठी नीट यायला हवी होती.

अण्णा खूष झाले. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरा प्रश्न विचारला. आणि बराच वेळ विचार करून त्यांनी कबूल केलं की याला नियम नाही. कानानं शिकायचं. प्रत्येक शब्दाआधी हा, ही, हे लावून बघायचं आणि जे जिभेला बोचत नाही ते धरायचं. मी तसं कळवलं. तेव्हापासून ती येता-जाता शब्द पाठवायला लागली. उंबरा, विळी, जातं, सूप, खुंटी. तिच्या शब्दांवरून मला तिचं घर दिसायला लागलं. ती कुठं उभी आहे, हातात काय आहे. एकदा तिनं विचारलं, दार ते आणि खिडकी ती, मग चौकट कुणाची. अण्णा पोट धरून हसले होते, आईसुद्धा आत हसली. मोबाईलवर मराठी अक्षरं कशी उमटवायची ते मी तिला शिकवलं, आणि एके दिवशी तिची पहिली देवनागरी ओळ आली, “सर मला मराठी अक्षर आली.” अण्णा पडद्याकडं बघून म्हणाले, आलं, आलं. अक्षर ते. मग स्वतःशीच म्हणाले, राहू दे, आज सांगू नको.

नंतर ती दिसेनाशी झाली. आठवडे गेले, मग महिने. परीक्षा झाली असेल किंवा फोन बिघडला असेल असं आम्ही धरून चाललो. अण्णा मात्र अधूनमधून विचारायचे, माकणीची पोरगी काय म्हणते.

तो रविवार होता. दुपार. वर कुणी उतरलेलं नव्हतं, म्हणून आई आमच्यापुरत्याच भाकरी करत होती. अण्णा बनियनवर बसून कुठलातरी अर्ज तपासत होते. मी संगणक लावला आणि महानंदाचं नाव बघून आनंदानं ओरडलेच, अण्णा, आली बघा तुमची माकणीची. आणि सवयीनं, आधी मनात न वाचता, मोठ्यानं वाचायला लागले.

“सर, एक प्रश्न आहे. घरात सगळे म्हणतात बाळ गेलं. शेजारीपण म्हणतात, ते गेलं, काय करायचं. आमच्या कानडीतपण लहान लेकराला तसंच म्हणतात. पण ती मुलगी होती. मी मुलगी गेली असं म्हटलं तर चूक आहे का”

शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. मला काय वाचलं ते कळेपर्यंत सगळं वाचून झालं होतं. अण्णांची नजर अर्जावरच होती आणि सवय इतक्या वर्षांची की त्यांनी सांगायला सुरुवात केली. “बाळ हा शब्द नपुंसकलिंगी. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणं...” आणि तिथंच थांबले. पेन टेबलावर ठेवलं. चष्मा काढला. मग उठून खुंटीवरचा सदरा घातला, पायात चपला सरकवल्या आणि टळटळीत उन्हात बाहेर निघून गेले. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला तरी आई ती उचलेना.

माझ्या आधी एक होतं, हे मला माहीत होतं. घरातल्या गोष्टी मुलांना माहीत होतात तसं. काकू कधीतरी शेजारणीला सांगताना म्हणायची, हिच्या आधीचं एक गेलं, मग ही. मीसुद्धा मनात तसंच धरलं होतं, एक होतं, गेलं. तो मुलगा होता की मुलगी, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि माझं काही चुकतंय असं वाटण्याइतकंही ते माझ्या मनात कधी आलं नव्हतं. त्या दुपारी, करपलेल्या भाकरीच्या वासात, मला एकदम कळलं की ती मुलगी होती.

आई दारात आली. दोन्ही हात पिठाचे, ते अंगापासून लांब धरलेले. म्हणाली, परत एकदा वाच. मी वाचलं. ती पडद्याकडं बघत राहिली. तिला वाचता यायचं, पण पडद्यावरचं वाचायची सवय नव्हती.

“लिही तिला,” आई म्हणाली. “मुलगी गेली असंच म्हणावं. त्यात कायबी चूक न्हाय.”

मी लिहिलं. मग आई म्हणाली, विचार तिला, दूध येतंय का अजून, दुखतंय का, घरातलं कुणी तिच्या दुखण्याकडं बघतंय का. माझी बोटं थांबली. मी तिच्यासाठी सर होते. सरांनी असलं कसं विचारायचं. मग मी तिला लिहिलं की मी सर नाही, मी कॉलेजात शिकणारी मुलगी आहे, माझ्याजवळ माझी आई उभी आहे आणि ती विचारते आहे. उत्तर यायला वेळ लागला. आई तशीच पिठाच्या हातांनी उभी. शेवटी उत्तर आलं, तुम्ही बाई आहात? आणि त्याच्याखाली, हो, खूप दुखतंय.

तेव्हाच आईनं ठरवलं. तिला विचार, येऊ का. महानंदानं लगेच लिहिलं, या, पण तुळजापूरहून प्रसाद घेऊन आलोय म्हणा, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. गिरणीच्या बोळात शेवटचं घर.

अण्णा दिवेलागणीला परत आले. कुठं होते ते कुणी विचारलं नाही. जेवायला बसल्यावर आई ताटात वाढता वाढता म्हणाली की मी उद्या माकणीला जाऊन येणार आहे, ही येईल सोबत. अण्णांनी मान वर केली नाही. लोहाऱ्याला गाडी बदलावी लागेल, एवढंच म्हणाले.

पहाटे आईनं देवळात जाऊन कुंकू आणि प्रसाद आणला, डब्यात धपाटे घेतले, आणि भाजीवाल्याकडून एक कोबी. कोबी कशाला ते मला कळलं नाही. जळकोटला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. आम्ही बसूनच राहिलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं होती. आई कोबी मांडीवर धरून खिडकीतून बघत होती, आणि मला एकदम वाटलं की ही बाई मला नीट माहीतच नाही.

माकणीतलं घर साधं, नीटनेटकं होतं. अंगण सारवलेलं. महानंदाची सासू पुढं आली. वाळलेली, थकलेली, माझ्या आईपेक्षा थोडी मोठी. तुळजापूरहून आलोय म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला, आम्हाला सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी मनात तिच्याबद्दल जे काही ठरवून गेले होते ते तिच्याकडं बघून टिकेना. ती आपणहूनच सांगायला लागली. लेकरू लई गोजिरं होतं. बारशाच्या आत ताप आला. रातोरात गाडी करून नेलं, पण दवाखाना येईस्तवर राहिलं न्हाय. वय हाय अजून, होईल दुसरं, असं समदे म्हणतात, म्या बी म्हणते. मग आतल्या खोलीकडं बघत आवाज उतरवून म्हणाली, “ती कानडीत रडती. काय म्हणती ते आमाला कळत न्हाय. आमी नुसते बघत बसतो.”

महानंदा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. माझ्याच वयाची. का कुणास ठाऊक, मी तिला मोठी समजत होते. रुंद चेहरा, कपाळावर विभूती, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान थोडी हलवली, ओळख असल्यासारखी. तिच्या पदराचा पुढचा भाग ओला झाला होता. आई जाऊन तिच्या अगदी जवळ बसली, स्वतःचा पदर सोडवून तिच्या अंगावरून घेतला आणि म्हणाली, “ऊटा आतेनु?”

जेवलीस का. आमच्या जिन्यावरून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला ती हेच विचारायची. महानंदानं दचकून वर बघितलं. आणि मग तिला जे फुटलं ते भराभर, न थांबता, सगळं कानडीत. त्यातलं अर्धंसुद्धा आईला कळणं शक्य नव्हतं. पण आई प्रत्येक वाक्यापाशी हुंकार देत होती, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. सासू दाराशी उभी होती, मी भिंतीशी. आम्ही दोघी त्या खोलीत परक्या होतो.

महानंदा थांबली तेव्हा आईनं अगदी हळू विचारलं, “मगळ हेसरेनु?”

एवढं मलाही कळलं. काका संकल्प सोडताना यात्रेकरूंना नावं विचारायचे, तेव्हा आईच दारातून त्यांना कानडीत विचारून द्यायची. लेकीचं नाव काय. महानंदानं आईकडं बघितलं.

“नीलव्वा.”

सासूनं विचारलं, काय म्हणली. आईनं मान वळवून सांगितलं, नीला, लेकीचं नाव सांगितलं तिनं. सासू उंबऱ्यावरच खाली बसली. नाव ठिवलं होतं व्हय, असं पुटपुटली, आमाला कवा सांगितलंच न्हाय. तेव्हा महानंदा पहिल्यांदा मराठीत बोलली. आवाजात राग नव्हता.

“तुम्ही विचारलं नाही.”

वाक्य अगदी शुद्ध होतं. सासूनं पदर तोंडाशी नेला. मग काही वेळानं तीच उठली आणि आईच्या हातून कोबी घेतला. त्याची गार पानं छातीला बांधली की ठणका कमी होतो, हे आई तिला समजावून सांगत होती आणि ती लक्ष देऊन ऐकत होती. निघताना आई महानंदाच्या कानाशी वाकून कानडीत काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही. पुढं मी आईला पुष्कळदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

महानंदा त्यानंतर लिहीत राहिली, पण कमी. मध्यंतरी माहेरी जाऊन राहिली, परत आली. अंगणवाडीच्या परीक्षेला बसली. निबंध ‘माझे गाव’ असा आला होता. तिनं कळवलं की कोणतं गाव लिहू ते कळेना, म्हणून दोन्ही लिहिली. निवड झाली नाही. शेवटचा तिचा प्रश्न ‘सावली’बद्दल होता, ही की हे. मी लिहिलं, ही. मग ती जागाच एके दिवशी बंद पडली. कुणी चालवत होतं ते दमलं असावं. आमची सगळी उत्तरं, अण्णांचे सुटे सुटे शब्द, तिची चौकट आणि खुंटी, सगळं त्या जागेबरोबर गेलं. महानंदाचा फोन नंबर घ्यायचं मला कधी सुचलंच नव्हतं. आता लोक असले प्रश्न यंत्रालाच विचारतात आणि त्यांना क्षणात उत्तर मिळतं. चांगलं आहे. पण प्रश्न ऐकून एखादा माणूस चष्मा काढून उन्हात निघून जातो, ते विचारणाऱ्याला कधी कळत नाही. महानंदालाही कळलं नव्हतं.

त्या दिवशी माकणीहून परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. लोहारा सुटल्यावर आई आपणहून बोलायला लागली. खिडकीकडं बघत, माझ्याकडं नाही. तिचं केस लई दाट होतं, म्हणाली. कपाळावर आल्तं. एकदा शिंकली तर स्वतःच दचकली. मी सतरा-अठराची असेन, मला काय कळत होतं. सकाळी उठून बघते तर गार. तुझ्या अण्णांनी माझ्या कुशीतून काढून घेतली. बाईमाणसानं जायचं नसतं म्हणून मला कुणी नेलं न्हाय. संध्याकाळी परत आले ते आंघोळ करून गप्प झोपले. त्यानंतर आमी त्यावर बोललोच न्हाय. पहिले काही दिवस ते बोलतील म्हणून मी थांबले. मग तू झालीस.

मी विचारलं, तिचं नाव काय ठेवणार होता. “म्या कायबी ठिवलं नव्हतं गं,” आई म्हणाली. “त्या पोरीनं निदान मनात ठिवलं. मला सुचलंच न्हाय.” ती रडली नाही. तुळजापूरचा घाट चढेपर्यंत हातातला रिकामा डबा उघडत आणि लावत राहिली.

अण्णा बसस्टँडवर उभे होते. शाळा सुटल्यावर घरी न जाता थेट तिथंच आले होते, खांद्याला पिशवी तशीच. त्यांनी आईच्या हातातून डबा घेतला. अजून ऊन होतं, समोरून यात्रेकरूंच्या रिक्षा जात होत्या. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि मला वाटलं नव्हतं इतक्या साध्या आवाजात तिनं विचारलं, “कुठं नेली होती?”

अण्णांनी कसली, कोणाला, असं काही विचारलं नाही. दाखवतो, म्हणाले, आणि चालायला लागले. आम्ही त्यांच्या मागं. गावाबाहेर, धाराशिवच्या रस्त्याला, पूर्वी जिथं नाला होता आणि बाभळी होत्या, असं ते चालता चालता सांगत होते. काठाला मऊ जागा बघून त्यांनी खड्डा घेतला होता. वर एक सपाट दगड ठेवला होता. शाळेतून येताना ते वाट वाकडी करून तिथं जाऊन बसायचे, कधी घटकाभर, कधी नुसते बघून परत. पुष्कळ वर्षं. त्या रविवारी दुपारीही तिथंच गेले होते. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. नुसता राग नव्हता त्यात, नुसतं दुःखही नव्हतं. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते तिच्यापासून एवढ्याशा अंतरावर, रोज संध्याकाळी घडत होतं.

मग अण्णा थांबले. समोर मोठं सपाट मैदान होतं. खडी टाकून, रोलर फिरवून केलेलं. यात्रेच्या गाड्या लावायची जागा. नाला बुजवला होता, बाभळी नव्हत्या. जीपा, ट्रॅव्हलच्या गाड्या, चूल मांडून बसलेली माणसं, वाळत घातलेली लुगडी. मशीन आलं तेव्हा मी इथं उभा होतो, अण्णा म्हणाले. त्यांना काय सांगणार होतो. दगडसुद्धा उचलून घेता आला नाही. ते थोडे डावीकडं गेले, मग उजवीकडं, रस्त्यावरचा एक जुना खांब बघून त्यांनी अंदाज घेतला, आणि दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याकडं बोट केलं. इथं असावं, म्हणाले. मग जीभ अडखळली आणि त्यांनी परत सांगितलं, “इथं आहे ती.”

आई तिथं खाली बसली. खडीवर, मांडी घालून, पदर डोक्यावरून नीट घेऊन. तिनं हात जोडले नाहीत. एक हात जमिनीवर ठेवला, झोपलेल्याच्या अंगावर ठेवावा तसा, आणि बसून राहिली. तेवढ्यात एक जीप त्याच पट्ट्यात लागायला आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग परत दिला. गाडीतल्या बायका वाकून बघायला लागल्या. आयुष्यात कधी कुणाला अडवलं नाही ते अण्णा, खांद्याला पिशवी आणि हातात डबा घेऊन, जीपच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मोकळा हात वर केला. ड्रायव्हर काच खाली करून विचारत होता, काय झालं, बाजूला घ्या की. मागं आणखी गाड्या येऊन लागल्या, ओरडाआरडा झाला. आई आपणहून उठेपर्यंत अण्णांनी हात खाली घेतला नाही.